टिकलीचं बटण

घरात कॅमेरे बसवायला बोलावणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. चहाच्या आधी येतो. "घरात एक कॉम्प्युटर पडूनच आहे हो. त्यालाच जोडता येतील ना कॅमेरे? वेगळा रेकॉर्डर कशाला?"

माझं उत्तरही ठरलेलं. "येतील की. इस्त्रीवर पापडही भाजता येतो."

काही जण हसतात, काहींना राग येतो. राग आलेले बहुतेक करून कॉम्प्युटरच लावून घेतात आणि पुढच्या पावसाळ्यात मला परत बोलावतात. इतकी वर्षं हे असंच चाललं. यंदा मात्र हा प्रश्न माझ्याच घरात, माझ्याच जावयाने मला विचारला, आणि माझं धायरीतलं घर राहणार की सुटणार हे त्यावर ठरायचं होतं. म्हणून लिहायला बसलो. संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातले अनुभव द्या. त्यांच्या घरचा रेकॉर्डर मीच बसवलाय, त्यामुळे नाही म्हणता येईना. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. शुद्धलेखन त्यांनी सांभाळावं.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमेरा म्हणजे नुसता डोळा. त्याला दिसतं, पण लक्षात राहत नाही. लक्षात ठेवायला मागे काहीतरी लागतं, आणि ते दोन तऱ्हेचं असतं. एक तर घरातला कॉम्प्युटर. नाहीतर खास त्याच कामाचा रेकॉर्डर, ज्याला आम्ही धंद्यातले लोक डबा म्हणतो. दिसतोही डब्यासारखाच, काळा, चपटा. त्याला एकच काम येतं. कॅमेरा दाखवेल ते भरत राहायचं, जागा संपली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं भरायचं. गाणी नाहीत, पत्ते नाहीत, काही नाही. कॉम्प्युटर हुशार असतो, आणि हुशार माणसासारखा त्याचा जीव दहा ठिकाणी गुंतलेला असतो. मध्येच त्याला स्वतःची सुधारणा करावीशी वाटते, तेव्हा तो काम सोडून बंद होतो. नातवाला गेम खेळायचा असतो, तो कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम मिटवून टाकतो. झाडताना कुणी प्लग काढतं. उन्हाळ्यात तापतो तो वेगळाच.

पण खरा फरक लाईट गेल्यावर कळतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ती परत आली की डबा आपला आपण उठतो आणि कामाला लागतो. कॉम्प्युटर उठत नाही. काळं तोंड करून बसून राहतो, कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत. त्याच्या पोटात शिरून एक सेटिंग बदललं तर उठतोही. पण सगळ्यांचं बदलता येत नाही, आणि बदललं तरी घरातलं कुणीतरी ते बिघडवतंच. म्हणून मी डबेवाला. भांडून, तोंड वाईट करून, पण लोकांना डबाच घ्यायला लावला.

शालन माझी बायको. वेल्ह्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा धायरी गाव होतं, घरामागे ज्वारी होती. आता तिथे लिफ्टची बिल्डिंग आहे. सगळा जन्म पुण्याच्या उंबऱ्यावर काढून तिच्या 'हाय'चं 'आहे' काही झालं नाही, आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. मी वायरमन. आधी दारावरच्या बेल बसवायचो, मग इंटरकॉम, मग कॅमेरे आले.

तेव्हा मोबाईलवर चित्र दिसत नसे. मी शिडीवर चढून कॅमेरा फिरवायचा आणि खाली टीव्हीसमोर उभं राहून कुणीतरी सांगायचं, आलं का नीट. गिऱ्हाईक हे सांगायला उभं राहिलं की कामाचं वाटोळं. त्याला पडद्यावर स्वतःचं घर बघून कौतुक वाटायला लागतं. मग शालन यायला लागली. मी शिडीवर, ती पडद्यासमोर.

"डावीकडं घ्या."

घेतलं.

"अहो, माझ्या डावीकडं."

"तुझं डावं मला कसं दिसणार? मी गच्चीवर आहे."

"मग इचारून घ्यायचं."

असं भांडत भांडत आम्ही पुण्यातले किती कॅमेरे सरळ केले, देव जाणे. तिची नजर चांगली होती. बाकीचे लोक फाटक दिसतंय ना एवढंच बघत. ती म्हणायची, "फाटक दिसून काय करायचंय? ते कुठं पळून चाललंय का? मान्साचं तोंड दिसाय पायजे." छपराला लागून उंच लावलेल्या कॅमेऱ्यात येणाऱ्याची नुसती टाळू दिसते. तिच्यामुळे मी कॅमेरे खाली लावायला शिकलो. सकाळी निघताना ती विचारायची, "डबा घेतला का?" मी विचारायचो, "कुठला?" ती म्हणायची, "दोन्ही."

आणि घराबाहेर पडताना तिची एक उजळणी असायची. ती दारात चपला घालत विचारायची, मी आत फिरत उत्तरं द्यायचो.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"मागचं दार?"

"लावलं."

"मेन?"

"बंद."

मग दार ओढून घेतल्यावर शेवटचा प्रश्न, "किल्ली?" त्याला तोंडी उत्तर नव्हतं. मी खिशातली किल्ली वाजवायचो, की ती चालायला लागायची.

बाहेर पडताना मेन बंद करायची ही खोड आमच्या एकट्याची नाही, अख्ख्या पुण्याची आहे. आग लागायला नको, शॉर्टसर्किट व्हायला नको, मीटर फिरायला नको. चांगलीच सवय आहे. फक्त घरात कॅमेरे असतील तर त्या सवयीचा अर्थ असा होतो की मालक घरी असताना कॅमेरा जागा, आणि मालक गावाला गेला की कॅमेरा झोपलेला.

कोथरूडला बँकेतून रिटायर झालेले एक साहेब होते. त्यांनी ऐकलं नाही, कॉम्प्युटरच लावून घेतला. मग दोघं नवराबायको कोकणात गेली. परत आली तेव्हा मागच्या पडवीतला तांब्याचा बंब नव्हता. साहेबांनी मला बोलावलं आणि खुर्चीही न देता म्हणाले, "तुमच्या कॅमेऱ्याने काय पाहिलं ते दाखवा."

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि शोधलं. शेवटचं चित्र खुद्द साहेबांचं होतं. डोक्याला कानटोपी, काखेत पिशवी, एक हात वर मेनकडे नेलेला. त्यापुढे काही नाही.

साहेब बराच वेळ स्वतःकडे बघत उभे राहिले. मी म्हणालो, "चोर सापडला नाही, पण कॅमेरा कुणी बंद केला तो माणूस सापडला." त्यांच्या बाई आतून फसकन हसल्या. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आपण बोलण्याचे वेगळे पैसे घेत नाही ना?"

मग त्यांनी डबा घेतला. मी मेनच्या शेजारी डब्यापुरतं एक वेगळं छोटं बटण बसवून दिलं. मेन बंद केला तरी डबा चालू राहील अशी सोय. साहेबांना नीट समजावून सांगितलं. पुढच्या वेळी गावाला जाताना त्यांनी मेन बंद केला आणि शेजारी आणखी एक बटण दिसलं म्हणून तेही बंद केलं. पुणेरी माणसाला चालू बटण बघवत नाही.

हे घरी सांगितलं तेव्हा शालन भाकरी थापत होती. म्हणाली, "मी येते उद्या."

दुसऱ्या दिवशी ती आली, त्या छोट्या बटणापुढे उभी राहिली, पिशवीतून आपल्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक टिकली बटणावर चिकटवली. तिची टिकली मोठी असायची, मखमलीची, मरून रंगाची.

साहेब म्हणाले, "हे काय? बटणाचं हळदीकुंकू?"

शालन म्हणाली, "सवाष्ण केलीय त्याला. आता त्याच्यावर हात टाकायचा न्हाई."

साहेबांनी पुन्हा कधी ते बटण बंद केलं नाही. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'बंद करू नये' लिहून लावून पाहिलं होतं, लोक ती चिठ्ठी वाचत वाचत बटण बंद करतात. टिकलीवर कुणाचा हात जात नाही. मग आम्ही प्रत्येक घरी टिकली लावायला लागलो. माझ्या हत्यारांच्या पिशवीत टेस्टर, पक्कड आणि टिकल्यांचं पाकीट. लोकांनी सुरुवातीला चेष्टा केली. आता मी नवीन घरात गेलो की शेजारची बाई सांगते, "ते टिकलीवाले आलेत."

डब्याच्या बाजूने इतकं बोललो, तर कॉम्प्युटरच्या बाजूनेही एक सांगायला पाहिजे. मोमीनपुऱ्यात इक्बालभाई राहतात. खाली त्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान, वर घर. त्यांची थोरली बहीण शमीमआपा जन्मापासून बहिरी. दिवसभर वरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली. इक्बालभाई बाहेर गेले की दारात आलेला माणूस बेल वाजवून, कडी वाजवून निघून जायचा. एकदा त्यांची भाची लांबून आली आणि जिन्यातच बसून राहिली. म्हणून कॅमेरा हवा होता. मी नेहमीप्रमाणे डब्याचे गोडवे गायला लागलो. सगळं साठवून ठेवतो, कधी बंद पडत नाही, मागचं सगळं बघता येतं.

शालनने मला मध्येच थांबवलं. "त्या बाईला मागचं बघून काय करायचंय? तिला आत्ता दारात कोण हाय ते पायजे."

इक्बालभाई म्हणाले, "बघा, भाभींना समजलं."

मग तिथे कॉम्प्युटर लावला. शिवणयंत्रासमोर मोठा पडदा. दारात कुणी उभं राहिलं की आधी सगळा पडदा पांढरा लखलखायचा आणि मग माणसाचं तोंड यायचं. डब्याला तेव्हा हे जमत नव्हतं. पहिल्यांदा पडदा लखलखला तेव्हा दारात शालनच उभी होती, मुद्दाम खाली जाऊन. आपा धावत जिना उतरली आणि तिने शालनचा हात धरून तिला वर आणलं. दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. एक वेल्ह्याची, एक बहिरी, काय बोलत होत्या त्यांनाच माहीत. आपाने शालनला नावही ठेवलं, हाताचं. कपाळाच्या मधोमध एक बोट टेकवायचं. म्हणजे शालन.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगतो, आत्ता बघायचं असेल तर कॉम्प्युटर, नंतर विचारायचं असेल तर डबा. वाक्य शालनचं आहे, मी नुसता वापरतो.

शालन गेल्या वर्षी गेली. कावीळ झाली ती उतरलीच नाही. याच्यावर जास्त लिहायला मला येत नाही. लोक भेटायला आले, ज्याला जे बोलायचं ते बोलून गेले. काही दिवसांनी इक्बालभाईंचा पडदा बिघडला म्हणून मी गेलो. शमीमआपाने माझ्या मागे जिन्यात पाहिलं, कुणी दिसेना. मग तिने कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं आणि हात उलटा करून विचारलं, कुठे आहे? मला हाताने बोलता येत नाही. मी माझ्या कपाळावर बोट ठेवलं आणि पुसलं. आपा यंत्रावर तशीच बसून राहिली. मी पडदा दुरुस्त केला. त्या दिवशी तिने मला चहा दिला तो तिच्या हातून सांडला, आणि आम्ही दोघांनी तो फडक्याने पुसला. माझ्याबरोबर बसून खरा शोक कुणी केला असेल तर तो आपाने.

माझ्या कामात तेव्हा रस उरला नव्हता. सकाळी अंथरुणात पडून राहायचो. लाईट गेली आणि परत आली तरी जे उठत नाही, तसं मशीन मी झालो होतो. त्यातच पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडलो. शेजारच्यांनी हाका मारल्या, उत्तर येईना म्हणून त्यांनी अश्विनीला फोन केला. अश्विनी माझी मुलगी. खराडीला कंपनीत आहे, जावईही तिथलाच. काही मोडलं नव्हतं, पण ती घाबरली ती घाबरलीच.

म्हणाली, "अप्पा, आता तुम्ही खराडीला यायचं. माझ्याकडे."

मी म्हणालो, "तुझ्या चौदाव्या मजल्यावर मी काय करू? तिथे वारासुद्धा विचारून आत येतो."

"मग घरात कॅमेरा लावते. आत, हॉलमध्ये. मला दिवसातून चार वेळा बघू दे तुम्ही नीट आहात की नाही. दोन्हीतलं एक करा. कॅमेरा नाहीतर खराडी."

"मी काय दुकानातला माल आहे?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात लावलेत ना? मग स्वतःच्या घरात काय झालं?"

खरं कारण होतं, पण ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. आणि घर सोडणं मला जमणार नव्हतं. या घरातली प्रत्येक वायर मी ओढलीय, आणि प्रत्येक कोनाडा शालनने सारवलाय. ते घर सुटलं असतं तर मी फार दिवस काढले नसते, हे मी कुणाला न सांगता मनात धरून होतो.

पुढच्या शनिवारी जावई गाडीतून एक कॉम्प्युटर घेऊन आले आणि म्हणाले, "अप्पा, घरात पडूनच होता. त्यालाच जोडता येईल ना?"

मी म्हणालो, "इस्त्रीवर पापड भाजता येतो."

अश्विनी म्हणाली, "ते वाक्य माझ्या जन्माच्या आधीचं आहे. बाजूला व्हा."

मी फुगून बसलो, कशाला हात लावला नाही. जावयांनी पुस्तकात बघून बघून काम केलं. एक कॅमेरा दाराबाहेर, एक हॉलमध्ये, आवाज ऐकू येणारा. कॉम्प्युटर आमच्या साध्या प्लगला लावला. वेगळी लाईन नाही, टिकली नाही. दाराबाहेरचा इतका उंच लावला की टाळूच दिसणार. मी काही बोललो नाही. पण वीसएक वर्षांत एवढं गप्प बसायला मला कधी जड गेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी भाजी आणायला निघालो. घर लावलं. मेन बंद केला, सवयीने. भाजी घेतली, येताना एका जुन्या गिऱ्हाइकाने चहाला बसवलं. घरी येऊन मेन चालू केला. पंखा फिरला, ट्यूब लागली, कॉम्प्युटर काळाच राहिला. मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी मटार सोलायला बसलो. मोबाईल खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होता आणि त्याचा आवाज मी बंद केलेला होता, कारण विमेवाले फार छळतात.

मटार संपत आले तेव्हा दार धाडकन उघडलं. अश्विनी. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच, केस विस्कटलेले, डोळे लाल. खराडीपासून धायरी म्हणजे अख्खं पुणे आडवं कापायचं.

मी म्हणालो, "अगं, आज सुट्टी?"

ती खाली बसली. मग म्हणाली, "किती फोन केले अप्पा. चित्र गेलं ते आलंच नाही. मला वाटलं तुम्ही…"

"भाजीला गेलो होतो. मेन बंद केला."

"ते माहीतच आहे मला. तुम्ही मेन बंद करत होतात तेव्हा मी बघत होते." तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून खाली ठेवलं. "ऐकतही होते."

मी मटाराच्या शेंगा गोळा करायला लागलो. खरं कारण म्हणालो होतो ना, ते हे. शालन गेल्यापासून घराबाहेर पडताना ती उजळणी मी एकटाच म्हणतो. मोठ्याने. तिचे प्रश्नही मीच विचारतो आणि उत्तरंही मीच देतो. गॅस? बंद. नळ? बंद. मला वेड लागलेलं नाही. पण ते म्हटल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि हे कॅमेऱ्यात जावं असं कुठल्या बापाला वाटेल?

अश्विनी म्हणाली, "तुम्ही आईसारखंच विचारता. 'मागचं दार'मधला 'मा' लांबवून."

मी शेंगांची टरफलं पिशवीत भरली.

"फक्त एक विसरलात. किल्ली. आई शेवटी किल्ली विचारायची."

"विसरलो नाही," मी म्हणालो. "किल्ली दाराबाहेर. मेन बंद झाल्यानंतर. तुझा कॅमेरा त्याच्या आधीच झोपला होता."

तिने ओढणीने तोंड झाकलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला मटाराचा वास होता. शेवटी नाक पुसून ती उठली, हॉलमधल्या कॅमेऱ्याखाली स्टूल ठेवलं आणि म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर कुठला लागेल?"

"चौफुलीचा. छोटा. आणि आधी वायर काढ, मग स्क्रू."

तिने कॅमेरा उतरवून टेबलावर पालथा ठेवला. तेवढ्यात तिचं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. "पण लाईट तर आलीय. मग हा का नाही सुरू झाला?"

"तो आपणहून उठत नाही. कुणीतरी उठवावं लागतं. म्हणून तर मी जन्मभर लोकांना डबा घ्या म्हणून सांगतो."

ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डबा आपणहून उठतो?"

"हो."

"म्हणजे तुम्ही न्हाणीत पडलेले असाल तरी डबा चालूच राहणार. आणि मला चित्र दिसत राहणार."

"हो."

"मग मला डबा नकोच," अश्विनी म्हणाली. "हाच राहू दे. रात्री तुम्ही याला बंद करायचं, सकाळी तुम्हीच उठवायचं. बाहेरच्या दाराचं चित्र माझ्या मोबाईलवर आलं की मला कळेल, अप्पा उठले. आतलं मला काही बघायचं नाही."

मी धंद्यातला माणूस. मी म्हणालो, "रात्री बंद असणारा कॅमेरा? अगं, पुण्यात नाव बदनाम होईल माझं. चोराचं काय?"

"चोराने काय न्यायचं इथून? मटार?"

"आणि खराडी?"

"चित्र येत राहिलं तर खराडी नाही. एक दिवस जरी सकाळी आलं नाही, तर मी गाडी घेऊन येते, आणि मग तुमचं काही ऐकणार नाही."

हे मला पटलं. मग मी उठलो, बाहेरचा कॅमेरा आधी हातभर खाली आणला. अश्विनी आत पडद्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "डावीकडे." मी विचारलं, "कुणाच्या?" ती म्हणाली, "माझ्या." तोंड दिसेल असा लावला.

आत आलो तर तिने माझी हत्यारांची पिशवी उघडली होती आणि टिकल्यांचं पाकीट तिच्या हातात होतं. तिने एक टिकली काढली आणि कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटवली.

मी म्हणालो, "अगं, चुकलीस. आईची टिकली म्हणजे हात लावू नका."

"आता उलटी," ती म्हणाली. "ही हात लावायची."

त्या कॉम्प्युटरचं ते आपणहून उठायचं सेटिंग मी बघून घेतलं. बदलता येत होतं. बदललं नाही.

आता रोज सकाळी मला एक काम आहे. काही सकाळी उठावंसं अजिबात वाटत नाही, हे सरळच लिहितो. छताकडे बघत पडलो की ते आणखी पडून राहायला सांगतं. मग आठवतं, खराडीत एक बाई डबे भरता भरता मोबाईलकडे बघत असणार. उठतो, टेबलाजवळ जातो, टिकलीवर बोट ठेवतो. मखमल थोडी झिजली आहे. मशीन गुरगुरतं, चित्र येतं, दारातली चप्पल दिसते. चित्र खराडीला पोचलं की अश्विनीचा फोन येत नाही, त्यालाच आम्ही खुशाली समजतो. गुरुवारी लाईट जाऊन आली की परत बोट लावायचं. गुरुवारी दोनदा उठणारा माणूस पुण्यात बहुतेक मी एकटाच असेन.

उठलोच आहे म्हणून परत थोडी कामंही घेतो. परवा वारज्याच्या एका गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न विचारला, मी पापडाचं उत्तर दिलं. त्याने विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घरी काय आहे?"

"कॉम्प्युटर."

"मग आम्हाला डबा का सांगता?"

"तुमच्या कॅमेऱ्याने चोर बघायचाय," मी म्हणालो. "माझा कॅमेरा मी उठलो का ते बघतो." त्याला काही कळलं नाही. डबा मात्र त्याने घेतला, आणि त्याच्या बटणावर मी सरळ अर्थाची टिकली लावून आलो.

कामावर निघताना घर लावतो. गॅस, नळ, मागचं दार. मेन बंद केला की खराडीतलं चित्र बंद होतं, अश्विनीला कळतं अप्पा बाहेर पडले. मग दार ओढून घेतो. किल्लीचा प्रश्न तेवढा कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. तो विचारला जातो, मी खिशात हात घालून किल्ली वाजवतो, आणि चालायला लागतो.